डावा द्रोण

ही गोष्ट इतकी वर्षं दोघांनाच ठाऊक होती. एक मी, दुसरा भैरोबा. गेल्या शनिवारी त्यात तिसरा आला, आणि आता तुम्ही चौथे. बसा जरा ऐसपैस. मला थेट सांगायला जमायचं नाही — आधी इकडचं तिकडचं बोलेन, मग येईन मुद्द्यावर. पळून मात्र जायची नाही.

मी गुरवीण. गुरवाची बायको म्हणून गुरवीण नव्हे हां — पूजा करणारी. आमचं गाव पन्हाळ्याच्या पलीकडं, वारणेच्या अंगाला. गावाचा देव भैरोबा, आणि त्याची पूजा आमच्या घराकडं. आसपासच्या गावांत गाभाऱ्यात उभी राहून देवाला पोशाख चढवणारी बाई मी एकटीच. हे सांगताना माझी मान ताठ होते. होऊ दे. माझ्या हातची समई बघा, पितळ की सोनं ओळखायचं नाही. यात्रेला बाहेरचे पावणे येतात, देवासमोर उभे राहतात आणि विचारतात, पोशाख कुणी बांधला? गावकरी सांगतात, आमच्या कुसुमकाकीनं. मी ऐकू न आल्यासारखं करते आणि निरांजन उगाच पुन्हा पुसते. गर्विष्ठ आहे म्हणतात मला. आहेच की!

आणखी एका गोष्टीसाठी माझं नाव आहे — हिमतीसाठी. देवावर भरवसा टाकून पाऊल कसं उचलावं ते कुसुमकाकीकडनं शिकावं, असं बायका एकमेकींना सांगतात. कुणाच्या पोराचं ऑपरेशन असतं, कुणाला धंदा काढायचा असतो, कुणाला सासरचा जाच सोसवत नसतो. देवळाच्या कट्ट्यावर येऊन बसतात, डोळ्यांना पदर लावतात. मी अंगारा लावते आणि म्हणते, "देवावर सोड आन् पाऊल टाक. मी न्हाय का टाकलं?" आणि त्या खरंच टाकतात हो. त्यातली एक आज जयसिंगपूरला मसाल्याचं दुकान चालवते. दर यात्रेला येते, वाकून माझ्या पाया पडते. मी पाय मागं घेते. तिला वाटतं, काकी किती साधी.

पण मी टाकलं होतं का ते पाऊल? तेच सांगायला बसले आहे.

आमचे मालक काविळीनं गेले तेव्हा माझा सागर अंगावर पीत होता. घरात दुसरा पुरुष एकच, मालकांचा धाकटा भाऊ — दत्तू भावजी. साखर कारखान्यात कामाला, वारणानगरला सायकलनं जायचे. मितभाषी माणूस. कुणी दोन शब्द जास्त बोललं तरी कानाची पाळी लाल व्हायची. पूजेचा हक्क त्यांचाच होता, यात वाद नाही. आणि ते कारखाना सोडायलाही तयार होते. लहानपणापासून त्यांना देवाचं वेड. भाऊ गाभाऱ्यात आणि हे उंबऱ्यावर, असंच त्यांचं बालपण गेलेलं.

मग मी मधे का आले? अहो, कारण मला ती पूजा हवी होती. पोटासाठी हवी होती असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटंही नाही. पण भावजींनी आम्हा मायलेकरांना कधी उपाशी ठेवलं नसतं, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. लग्न होऊन आल्यापासून देवाची भांडी मी घासली, हार मी ओवले, नैवेद्य मी रांधला — आणि उंबऱ्याच्या आत मात्र पाय टाकायचा नाही. मालक आतून म्हणायचे, गंध दे. मी बाहेरून द्यायची. मंत्र मला मालकांपेक्षा चांगले पाठ होते. ते चुकले की मी बाहेर ओठांतल्या ओठांत दुरुस्त करायची. मग ते गेले, आणि मी सुतकात बसल्या बसल्या एकच विचार करत होते — आता आत जायचं. नवरा गेलेल्या बाईनं असा विचार करावा? मी केला.

सुतक फिटलं आणि देवळात गावकी बसली. बाई गाभाऱ्यात? म्हातारे असे दचकले की पारावर जणू नाग निघाला. एकजण म्हणाले, "आसलं आजवर झालं न्हाय आन् हुणारबी न्हाय." मी खांबाआड बसले होते. पदर सावरून उठले आणि मोठ्यानं बोलले, "तुमी कोण ठरवणार? देवालाच इचारा की. कौल लावा. मी देवावर सोडते."

गावात आजही सांगतात ते. विशीतली बाई, कपाळ मोकळं, कडेवर पोर, आणि आवाज कसा, तर घंटेसारखा. हे वाक्य मी बोलले, ते खरं आहे. त्यातलं अक्षरही खोटं नाही. खोटं पुढं आहे.

कौल तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. आमच्याकडं देवाच्या पाषाणावर पाणी शिंपडून दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. मग सगळे हात जोडून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. पाकळ्या कण्हेरीच्या, लाल. त्या दोन द्रोणांत वेगळ्या ठेवायच्या — उजव्यासाठी उजवा द्रोण, डाव्यासाठी डावा. आणि हे द्रोण भरून द्यायचे गुरवाच्या घरातल्या बाईनं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ज्या बाईचा निवाडा होणार, तिनंच ते भरायचे का, असा प्रश्न त्या दिवशी एकाही शहाण्याला पडला नाही. रीत म्हणजे रीत.

पहाटे उठून मी कण्हेर तोडली. पाकळ्या सोडवल्या, द्रोण भरले. आणि मग मला घाम फुटला. डावी आधी पडली तर? काल एवढ्या तोऱ्यात बोलले — देवावर सोडते. सोडलं होतं कुठं? तोंडानं सोडलं होतं. मन तर घट्ट मूठ वळून बसलेलं. देवाशी माझी एवढी ओळख, त्याचं न्हाणं-जेवण सगळं माझ्या हातचं, आणि तो मला हो म्हणेल असा पाव आणा भरवसा नव्हता मला त्याच्यावर.

फळीवर काकवीची बरणी होती. गुऱ्हाळातली नवी काकवी, सागरला बोटावर चाटायला आवडायची. मी ती वाटीत घेतली, पाण्यात पातळ केली आणि डाव्या द्रोणातल्या पाकळ्यांना मागून लावली. एकेक पाकळी. कुणाचा जोर नव्हता, कुणी शिकवलं नव्हतं. हात कापला नाही — हार ओवताना जसा चालतो तसाच चालला.

हा माझा गुन्हा. संपला असं वाटलं ना तुम्हाला? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

कौल लावायला शेजारगावचे म्हातारे गुरव आले होते. नजर अधू. ओल्या पाकळ्या त्यांच्या बोटांना ओल्याच लागल्या. लावल्या, आणि ते मागं सरले. देऊळ माणसांनी भरलेलं, पण भिंतीवरची पाल चुकचुकलेली ऐकू येईल अशी शांतता. उजवी सुटली, घरंगळली, देवाच्या पायाशी पडली. हलगी वाजली, भंडारा उधळला. आणि डावी? ती तर संध्याकाळपर्यंत हलली नाही. लोक म्हणाले, बघा, देवाची केवढी खात्री! डावीनं जागा सोडली न्हाय!

त्या गोंगाटात भावजी उठले. गाभाऱ्याची किल्ली त्यांच्या कनवटीला होती. ती काढून त्यांनी माझ्या हातात दिली नाही, पायाशी ठेवली. "देवानं सांगितलंय वैनी," म्हणाले, "आता तुमी." चेहऱ्यावर राग नव्हता. हेवासुद्धा नव्हता. मी नीट शोधला, कारण असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला. ज्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप, तो क्षण. समई लावली आणि वर बघितलं, तर देवाच्या डाव्या खांद्यावर मुंग्यांची रांग. काळ्या, बारीक, भिंतीवरून थेट खांद्यापर्यंत. मी ओलं फडकं घेऊन पुसत राहिले. मंत्र आठवेना. माझी पहिली पूजा मुंग्या पुसण्यात गेली.

आता येते मी मुद्द्यावर. थोडं पाणी पिऊन घेते.

काही महिने गेले. एका रविवारी भावजी देवळात आले, सभामंडपात शेवटच्या खांबाशी बसले. कौल झाल्यापासून तीच त्यांची जागा. मी प्रसाद द्यायला गेले तर मान खाली घालून म्हणाले, "वैनी, एक इचारू? माझ्याकडनं काय चुकलं आसंल?" मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कशात? तर म्हणाले, "देवानं मला नको म्हटलं नव्हं. उगाच न्हाय म्हणणार त्यो. मी लई इचार केला. एकदा रविवारी, देवाच्या वारी, मटण खाऊन देवळात आलतो, पोरगं होतो तवा. त्याचंच आसंल का?"

एवढा मोठा बाप्या माणूस. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज असा की बापानं घराबाहेर काढलेलं लेकरू विचारतंय. त्यांना पूजा गेल्याचं दुःख नव्हतं हो! देवानं आपल्याला नको म्हटलं, याचं होतं. कौल एवढा मनापासून मानणारा अख्ख्या गावात तो एकटाच माणूस, आणि मी त्याच्याच डोळ्यांत काकवी घातली होती.

तेव्हा सांगता आलं असतं. मंडपात आम्ही दोघंच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हणाले, सांगू?

मी म्हणाले, "देवाच्या मनातलं कुणाला कळतंय भावजी?"

काकवीचं मी एकवेळ समजू शकते. तरुण होते, घाबरले होते, हाव होती. पण हे वाक्य — हे मी शांतपणे बोलले, हातात प्रसादाचं ताट घेऊन. देवाच्या मनातलं त्या बाबतीत नेमकं काय होतं, ते कळू न देणारी मीच. आणि वर त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

त्या दिवसापासून भावजींनी मटण सोडलं. कोल्हापूरच्या माणसानं! लग्नाकार्यात पंगत तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तुटून पडलेली, आणि हे एका कडेला आमटी-भात खात बसलेले. लोक चेष्टा करायचे, पावणं आजारी हाय काय? हे हसायचे. रविवारचा उपास धरला. यात्रेत पालखीला खांदा द्यायला बोलावलं की म्हणायचे, "मला आतनं बोलावणं न्हाय." कारखान्यातली नोकरी संपली, केस पांढरे झाले, बायको गेली, लेकी सासरी गेल्या, तरी रोज संध्याकाळी येऊन त्याच खांबाशी बसायचे. उंबऱ्याकडं एकदाही आले नाहीत. मी आत, ते बाहेर, मधे माझी काकवी. आणि मी? मी पितळ घासत राहिले. कट्ट्यावर बायकांना सांगत राहिले, देवावर सोडा.

आता माझे गुडघे गेले. देवासमोर बसले तर उठता येत नाही. सागर शिरोलीला फाउंड्रीत आहे, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, त्याच्याच्यानं पूजा होणं नाही. म्हणून सून पुढं आली, रेखा. गावातल्या काही जणांचं पुन्हा तेच — एका बाईचं चालवून घेतलं, म्हणजे काय रीतच पाडायची? रेखा तडक गावकीत गेली आणि म्हणाली, "लावा की कौल. आत्यांनी देवावर सोडलं, मीबी सोडते." मला ऐकून छाती भरून आली आणि त्याच दमात डावा द्रोण आठवला.

रविवारी कौल ठरला. शनिवारी दुपारी रेखा म्हणाली, आत्या, द्रोण तुमीच भरा, तुमचा हात शुभ. मी कण्हेर तोडून आणली, चुलीपाशी बसले. फळीवर काकवीची बरणी. तुम्हाला खोटं वाटेल — इतकं सगळं होऊनसुद्धा माझा हात वर गेला. बरणी मी खाली घेतली, झाकण उघडलं. माझी सून नाकारली जाईल या भीतीनं मी पुन्हा तेच करणार होते. तेवढ्यात रेखा आत आली, पिठाचे हात घेऊन. मी विचारलं, "रेखा, डावा आला तर गं?"

ती म्हणाली, "आला तर आला. देऊळ झाडीन की. देव काय नुसता गाभाऱ्यातच आसतोय व्हय?" आणि परात उचलून निघूनही गेली. बरणीकडं तिचं लक्षसुद्धा गेलं नाही.

इतक्या वर्षांत मी बायकांना जे सांगत आले, ते या पोरीनं माझ्याकडनं ऐकलं आणि खरं मानलं. माझ्या खोट्या पाण्यावर हे असलं खरं झाड आलं! अभिमान वाटला हो तिचा, असा की रडूच फुटलं. मी झाकण लावलं, द्रोण कोऱ्या पाकळ्यांनीच भरले आणि काठी घेऊन देवळात गेले.

भावजी खांबाशी होते. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले, गुडघे ओरडत असताना. भीती वाटत होती. विशीत गावकीसमोर उठले तेव्हा वाटली नव्हती, कारण तेव्हा मी देवावर काही सोडलंच नव्हतं. आता सोडत होते. नाव, मान, कट्ट्यावरच्या बायका, सगळं. सांगून टाकलं. द्रोण, काकवी, मुंग्या. आणि ते प्रसादाच्या ताटामागचं वाक्यसुद्धा.

ते माझ्याकडं न बघता, गाभाऱ्याकडं बघत म्हणाले, "म्हंजे... देव मला नको म्हणला न्हवता?"

"न्हाय भावजी," मी म्हणाले. "मी म्हणले होते."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग एकदम, अगदी लहान आवाजात — "आन् मी मटण सोडलं हो वैनी."

ते हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही. मी म्हटलं, उद्या कौल तुमच्या हातानं लावा. ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

रविवारी सकाळी मला वाटलं, येणार नाहीत. आले. धुवट धोतर, डोक्यावर टोपी. उंबऱ्याशी थांबले, वाकून हात लावला, आणि आत गेले. देऊळभर कुजबुज झाली, पण कुणाला काही कळलं नाही. पाकळ्या त्यांनीच लावल्या. मी डोळे मिटले नाहीत; बघत राहिले. उजवी पडली. थोड्या वेळानं डावीही पडली, जशी पडायला पाहिजे तशी.

हलगी वाजली, रेखा माझ्या पाया पडली. तिला देवानं हो म्हटलं, खरंखुरं. मला त्या दिवशी काय म्हणाला असता? कदाचित हो. कदाचित नाही. ते मला या जन्मात कळायचं नाही. मी विचारलंच नव्हतं ना. गावाला अजून सांगितलेलं नाही. तेवढी हिंमत शनिवारी नव्हती, आजही नाही. भावजींनीही कुणाला सांगितलं नाही, आणि मला माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या दिवशीची पूजा त्यांनी केली. रेखाच म्हणाली, आजची तुमी करा, उद्यापासनं मी. ते देवाला न्हाऊ घालत होते, हळूहळू, तान्ह्या लेकराला घालतात तसं. मला आत काम नव्हतं. मी मंडपात गेले आणि त्यांच्या जागी बसले, शेवटच्या खांबाशी, जिथली फरशी त्यांच्या बसण्यानं गुळगुळीत झाली आहे. तिथून मी कधीच देव बघितला नव्हता. खांब मधे येतो, दाराची चौकट आडवी येते. तोंड दिसत नाही, डोळे दिसत नाहीत.

तिथून देवाचा फक्त डावा खांदा दिसतो.